बिघाड इंजिनात की पंपात?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवावा अशी चिठ्ठी आली तेव्हा मी 'जुन्या जेट बोटीच्या इंजिनातील बिघाड कसा शोधावा' असं लिहून दिलं. सेक्रेटरींनी दोनदा घरी येऊन विचारलं, "काका, विषय हाच ना?" त्यांची शंका रास्त होती. आपल्याला बोटीची गरज भासली ती एकदाच, २००५ च्या २६ जुलैला. पण विषय वाटतो तितका लांबचा नाही. जेट बोट म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून इंजिनाला जोडलेला पाण्याचा पंप आहे. आणि पंपाने छळलेला नाही असा सभासद या सभागृहात सापडणार नाही.

आठवून बघा. सकाळची वेळ, वरच्या टाकीत पाणी नाही. खाली जाऊन बघावं तर मोटार झोकात फिरते आहे, उलट नेहमीपेक्षा मोकळा आवाज. मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मोटार गेली, नवी आणा. दुसरा म्हणतो पंपाने हवा धरली, फूट व्हॉल्व्ह बघा. खरं म्हणजे भांडायचं कारण नसतं. पॅनेलवर अँपिअरचा काटा असतो. मोटार फिरते आहे आणि काटा नेहमीपेक्षा खाली, म्हणजे मोटारीवर भारच नाही, म्हणजे पंपात पाणीच नाही. एका काट्यावर दोष कोणाचा ते ठरतं. मी आज जे सांगणार आहे ते एवढंच, फक्त मोटारीच्या जागी आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि गच्चीवरच्या टाकीच्या जागी वाहती नदी.

आमचा धाकटा न्यूझीलंडला क्राइस्टचर्चला असतो. आम्ही दोघं त्याच्याकडे तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीत, तीन महिने राहून आलो. त्या काळात त्याने एक वापरलेली जेट बोट घेतली. पाचेक मीटर लांब, फायबरची, आत शेवरलेचं ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन, मागे जेट युनिट. तिकडे यात श्रीमंतीचा थाट नाही. आपल्याकडे माणूस जुनी मोटार घेतो तशी तिकडे ट्रेलरवरची जुनी बोट घेतात आणि रविवारी नदीवर जातात.

आता त्या नद्या कशा, ते सांगितल्याशिवाय बोट कळणार नाही. क्राइस्टचर्चच्या उत्तरेला वायमाकारिरी नदी आहे. डोंगरातून खाली आली की ती एका पात्रात राहत नाही. रुंद, गोट्यांच्या मैदानावर तिचे फाटे होतात, पुन्हा मिळतात, पुन्हा फुटतात. वेणीचे पेड सोडावेत तशी दिसते. पाणी कुठे पुरुषभर, तर कुठे घोट्याएवढं. साध्या बोटीचा पंखा खाली लोंबत असतो, तो अशा पाण्यात पहिल्याच गोट्यावर तुटेल.

या अडचणीवर तिथल्याच एका माणसाने उपाय काढला. बिल हॅमिल्टन, जन्म १८९९, मॅकेंझी भागातल्या आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढ्यांच्या कुरणाचा मालक आणि हाडाचा यंत्रकारागीर. त्याने १९५४ साली नदीत चालणारी जेट बोट केली. बोटीच्या तळाला जाळी, तिथून पाणी आत घ्यायचं, इंपेलरने दाब द्यायचा आणि मागच्या नळीतून जोराने बाहेर फेकायचं. पाण्याच्या जोराने फटाक्यातल्या बाणासारखी बोट पुढे जाते. पाणी फेकायची नळी पाण्याच्या पातळीच्या वर आणल्यावर वेग वाढला, आणि बोटीखाली काही लोंबायचंच राहिलं नाही. वेगात असताना ही बोट चार-पाच इंच पाण्यावरूनही निघून जाते. १९६० साली अशा बोटी अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. आणि आपल्या पिढीला आठवत असेल, १९७७ मध्ये एडमंड हिलरी गंगासागरहून गंगेच्या उगमाच्या दिशेने निघाले होते, ते जेट बोटींतूनच. तीन बोटी होत्या: गंगा, किवी आणि एअर इंडिया. १९६५ च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते मोहनसिंग कोहलीही त्या प्रवासात होते. नंदप्रयागजवळ धबधब्याने वाट अडवली आणि तिथून पुढे मंडळी पायी गेली. वर्तमानपत्रातले ते फोटो मला चांगले आठवतात. पण त्या बोटी कशावर चालतात हे कळायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

असो. मुलाच्या बोटीकडे येतो.

बोटीच्या दोन तक्रारी होत्या. एक, इंजिन जोरात ओरडायचं, पण बोट त्या मानाने पळायची नाही. दुसरी, पूर्ण वेगात आठ-दहा मिनिटं गेली की इंजिन मरायचं. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी अर्धा दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, इंजिन थकलं आहे, ताकद उरली नाही, बदला. खर्चाचा आकडा बोटीच्या किमतीच्या जवळपास होता. तर्क वरवर पाहता बरोबर वाटतो: जुनं इंजिन, वेग नाही, मधेच बंद पडतं, म्हणजे म्हातारं झालं. आमच्या वयाच्या माणसाला डॉक्टर "वयामुळे होतं" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

इथे खर्चापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. जेट बोटीला सुकाणू नसतं. मागच्या पाण्याच्या झोताचं तोंड डावी-उजवीकडे फिरतं, त्यावरच ती वळते. झोत थांबला की स्टिअरिंग गेलं. इंजिन बंद पडलं तर तुम्ही कितीही चाक फिरवा, बोट ऐकत नाही, प्रवाह नेईल तिकडे जाते. आणि त्या नद्यांच्या काठाला विलोची झाडं पाण्यात वाकलेली असतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, बोट आणि माणूस तिथे अडकतो. पहिल्या वेळी इंजिन मेलं तेव्हा मुलगा आणि त्याचा मित्र दोघंच होते आणि पात्र मोकळं होतं. पुढच्या रविवारी नातवंडं जाणार होती. मुलगा म्हणाला, "बाबा, लगेच चालू होतं ना परत, तेवढं काही नाही." सूनबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं, "का बंद पडतं ते कळेपर्यंत मुलं बोटीत बसणार नाहीत. चालू होतं ते का होतं, तेही कळू दे." मला हे वाक्य फार आवडलं. आमच्या ब्रँचमध्ये असा ऑफिसर मिळायला नशीब लागायचं.

शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ राहत होते. सारा जन्म शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी काम अंगावर घेतलं. मला इंजिनातलं काही कळत नाही, म्हणून वही माझ्याकडे. काय केलं, किती वाजता, काटा कुठे, सगळं लिहायचं. लिखापढी करायला मी कधी नाही म्हणालेलो नाही.

पहिला नियम त्यांनी घातला तो असा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, कॉइल, पेट्रोलचा फिल्टर एकदम बदलले आणि बोट सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. दुसरा नियम: ज्याला पैसे लागत नाहीत आणि जे पुन्हा होतं तसं करता येतं ते आधी.

सगळ्यात आधी तेलाची दांडी काढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनात पाणी शिरलंय असं समजायचं. बोटीत हा धोका मोटारीपेक्षा जास्त, कारण एक्झॉस्टच्या ओतीव भागांभोवती नदीचंच पाणी खेळवलेलं असतं, आणि ते भाग आतून गंजून फुटतात. तेल स्वच्छ होतं. मग आठही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. सर्वांत कमी १४०, सर्वांत जास्त १५२. शेजारी म्हणाले, सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्याच्या पाऊणपटीच्या खाली गेला तर काळजी करायची. इथे आठ भावंडं जवळजवळ सारख्या उंचीची निघाली. थकलेलं इंजिन असं नसतं.

नंतर टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवलं. थोड्या वेळाने तळाशी चमचा-दोन चमचे पाणी वेगळं दिसलं. मुलगा आनंदाने ओरडला, "सापडलं!" त्याने पाणी काढलं, पाणी वेगळं करणारा फिल्टर बदलला, नदीवर नेली. नवव्या मिनिटाला इंजिन मेलं.

बँकेतल्या मंडळींना याचं नवल वाटणार नाही. संगणक यायच्या आधी बॅलन्सिंग असायचं. रात्रीचे नऊ वाजलेत, लेजर आणि जनरल लेजर जुळत नाही, ९० रुपयांचा फरक आहे. कोणीतरी ओरडतो, सापडली, ही बघा ५० ची चूक! चूक खरी असते, दुरुस्तही करायची असते, पण फरक ९० चा असतो. सापडलेली चूक म्हणजे शोधत होतो तीच चूक, असं नव्हे. उलट फरकाच्या आकड्याकडेच आधी नीट बघायचं. फरक ९ ने भागला जातो का? मग कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेत, २७ च्या जागी ७२. फरक निम्मा केला की तेवढ्या रकमेची नोंद सापडते का? मग ती चुकीच्या बाजूला पडली आहे. वह्या उघडायच्या आधी फरकच सांगतो, कुठे बघायचं.

बोटीच्या बाबतीत हा फरकाचा आकडा म्हणजे इंजिनाचे फेरे. इथे जरा लक्ष द्यावं ही विनंती, कारण सगळं मर्म इथे आहे.

मोटारीचं इंजिन घाटात दमतं, सपाटीवर मोकळं होतं. जेट बोटीत तसं फारसं होत नाही. आत पंप आहे आणि तो बंद खोक्यात पाणी ढकलतो. बोट पळते आहे की दोरीने बांधून ठेवली आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. अमुक फेऱ्यांना अमुक ताकद तो मागणारच. म्हणून ठरावीक इंपेलर आणि ठरावीक इंजिन असेल तर पूर्ण थ्रॉटलला काटा दर वेळी जवळपास त्याच आकड्यावर येऊन थांबतो. आधीच्या मालकाची एक छोटी वही बोटीच्या कप्प्यात होती. तीत लिहिलं होतं, पूर्ण थ्रॉटल, ४००० फेरे. आता काटा दाखवत होता ४४००.

दुसऱ्या दिवशी उसना मीटर आणून काटा बरोबर आहे याची खात्री केली. काटा खरं बोलत होता.

मग हिशोब. पंपाचे फेरे दुप्पट करायचे तर ताकद दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, आठपट लागते; घनाच्या प्रमाणात वाढते. ४००० चे ४४०० म्हणजे १.१ पट. १.१ ला १.१ ने दोनदा गुणा: १.३३१. म्हणजे पंप ठीक असेल तर ४४०० फेऱ्यांसाठी इंजिनाची ताकद पूर्वीपेक्षा एक तृतीयांशाने वाढायला हवी! तीस-पस्तीस वर्षांच्या इंजिनाची ताकद वाढेल कशी? आणि वर्कशॉप तर म्हणतं ती कमी झाली आहे. थकलेलं इंजिन ४००० लासुद्धा पोचणार नाही, ३६००-३७०० लाच बसेल. काटा वर गेला याचा अर्थ एकच: पंप पुरेसं पाणी धरत नाही, इंजिनावर भार कमी पडतो आहे. आपली तळटाकीची मोटार आणि तो मोकळा आवाज.

हा हिशोब मी कागदावर केला आणि शेजाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, मग सांगितलं की त्यांना हे कानाने कळलं होतं, पण वर्कशॉपवाल्यांना दाखवायला कागद बरा.

बोट ट्रेलरवर घेतली. किल्ली काढून खिशात, सुरक्षेची दोरीही काढलेली. हे सांगतो कारण जेट बोटीला खराखुरा न्यूट्रल नसतो. इंजिन फिरलं की इंपेलर फिरतोच. धक्क्यावर बोट जागेवर उभी दिसते ती मागची झडप अर्धी खाली टाकून झोत पुढे-मागे सारखा विभागल्यामुळे. आत हात घालायचा तर इंजिन सुरू होण्याची शक्यताच ठेवायची नाही. वरचं झाकण उघडून शेजाऱ्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि सुपारीएवढा एक गोटा बाहेर काढला, त्यामागे नायलॉनच्या दोरीचा गुंतवळा. दोरी दांड्याला गुंडाळली गेली होती, तिने पाण्याची वाट अडवली होती. गोट्याने पात्यांच्या कडा दातरल्या होत्या. इंपेलर आणि भोवतीचं कडं यांत नखाच्या जाडीएवढी फट असावी, ती एका बाजूला बरीच वाढली होती. तेवढ्या फटीतून पाणी मागे परत येतं आणि नुसतं घुसळत राहतं. गोटा, दोरी काढली, कडा कानशीने जमेल तेवढ्या सरळ केल्या. नदीवर काटा ४१५० वर आला आणि बोट लगेच मोकळी पळाली. उरलेले १५० फेरे त्या फटीचे, ती नवं कडं बसवूनच भरणार होती.

पण दहाव्या मिनिटाला इंजिन मेलंच.

आता कळलं की या दोन वेगळ्या तक्रारी होत्या. त्या एकत्र पाहिल्या म्हणून वर्कशॉपला म्हातारपण दिसलं. पहिली मिटल्यावर दुसरी एकटी उघडी पडली.

इंजिन मरताना कसं मरतं ते ऐकायचं. वीज गेली, म्हणजे ठिणगी बंद झाली, तर स्विच बंद केल्यासारखं एकदम मरतं. पेट्रोल कमी पडलं तर खोकतं, अडखळतं, मग मरतं. हे खोकून मरत होतं. दुसरी खूण वेळेची. तापलेल्या कॉइलचा दोष असेल तर ती निवायला वीस मिनिटं-अर्धा तास लागतो. इथे दोन मिनिटांत सुरू होत होतं. इतक्या लवकर गरम वस्तू निवत नाही. तिसरी खूण: धक्क्याजवळ संथ चालवली तर तासभर काही होत नव्हतं, पूर्ण वेगातच व्हायचं. असं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला पन्नास लिटरच्या वर पेट्रोल पितं. दहा मिनिटांत आठ-दहा लिटर टाकीतून गेले. त्यांच्या जागी टाकीत काय येतं?

हा प्रश्न शेजाऱ्यांनी मुलाला विचारला आणि तो गप्प झाला. माझ्या पत्नीने उत्तर दिलं. ती तिथे डबा घेऊन आली होती. म्हणाली, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, दुसरं पाडावं लागतं."

अगदी तेच. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला एक बारीक नळी असते, तिचं तोंड बोटीच्या बाजूला उघडतं. ते तोंड चिखलाने आणि किड्यांच्या घराने बुजलं होतं. पेट्रोल जात होतं, हवा येत नव्हती, टाकीत पोकळी होत होती, शेवटी पंपाला ओढवेना. इंजिन थांबलं की टोपणाच्या कडेने हळूहळू हवा शिरायची, दोन मिनिटांत पुन्हा सगळं ठीक. पुढच्या खेपेस इंजिन मेल्यावर शेजाऱ्यांनी टाकीचं टोपण सावकाश सैल केलं. फुस्स आवाज झाला, आत हवा ओढल्याचा. वहीत मी वेळ लिहिली, ११.४०. नळी तारेने आणि हवेने साफ केली, जाळी बसवली. त्यानंतर एकदा नव्हे, तीन वेगळ्या दिवशी, प्रत्येकी अर्धा तास पूर्ण वेगात चालवली. तारेचा खर्च शून्य.

कुणी म्हणेल, मग झालं. पण ज्यासाठी मी हा विषय घेतला ते अजून सांगायचंय.

वायरी तपासताना शेजाऱ्यांना अल्टरनेटर खटकला. आधीच्या मालकाने पैसे वाचवायला मोटारीचा बसवला होता. दिसायला सारखाच, बोल्टही तेच बसतात. फरक असा की बोटीचे स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागत नाही. मोटारीत इंजिन खालून उघडं असतं, पेट्रोलची वाफ वाऱ्यावर जाते. बोटीत इंजिन बंद खोक्यात असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साचते, आणि तिथे एक ठिणगी पुरते. बोटीच्या कार्बोरेटरवरही साधा एअर फिल्टर नसतो, ज्वाला अडवणारी जाळी असते, ती याचसाठी. म्हणून किल्ली फिरवायच्या आधी चार-पाच मिनिटं तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा चालवायचा आणि मग नाकाने वास घ्यायचा. यंत्र काही सांगो, नाक सांगेल ते ऐकायचं.

या अल्टरनेटरची एकही तक्रार नव्हती. तो उत्तम चालत होता, बॅटरी भरत होता. वर्कशॉपने त्याच्याकडे पाहिलंही नाही, कारण त्यांना विचारलं होतं बोट का पळत नाही. बोटीतली सगळ्यात धोक्याची वस्तू कुरकुर न करता काम करत बसली होती. तो तिथल्या तिथे काढला. बोटीसाठीचा यायला नऊ दिवस लागले, तोवर बोट ताडपत्रीखाली. नातवंडं रुसली. सूनबाई हलल्या नाहीत.

व्याख्यानानंतर कुणी विचारेल म्हणून जुनी बोट घेणाऱ्याने काय पाहावं ते थोडक्यात. आपल्या सभासदांची मुलं आता तिकडे बरीच आहेत, उपयोगी पडेल. विकणारा अंगणात ट्रेलरवर इंजिन सुरू करून दाखवतो, त्यावर जाऊ नये. वर सांगितलेल्या दोन्ही तक्रारी अंगणात कधीच दिसल्या नसत्या. पाण्यावर, पूर्ण वेगात, किमान अर्धा तास चालवा आणि फेऱ्यांचा आकडा लिहून घ्या. अंगणात सुरू करायचं झालं तर आधी इंजिन सुरू करून मग नळाचं पाणी सोडायचं, आणि बंद करताना आधी पाणी बंद. उलट केलं आणि स्टार्टर मारत बसलं तर एक्झॉस्ट पाण्याने भरून ते पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, मग दांडा वाकतो. आणि फार वेळ अंगणात फिरवू नये, कारण जेटच्या मागच्या बेअरिंगला वंगण म्हणून नदीचंच पाणी लागतं. थंड करणारं पाणीही जेटमधूनच येतं, तेव्हा वाळू अडवणारी जाळी दर खेपेला उघडून धुवायची. आधीच्या मालकाची वही असेल तर मागून घ्या. आमची सगळी चौकशी ४००० या त्याच्या एका आकड्यावर उभी राहिली.

आपल्या पंपाच्या पॅनेलशेजारीही एक वही टांगावी असं मी गेल्या सर्वसाधारण सभेत सुचवलं होतं, पंप ठीक असतानाचे अँपिअर लिहून ठेवायला. सूचना इतिवृत्तात आहे. वही मी आज सोबत आणली आहे, सेक्रेटरींकडे देतो.

आम्ही परत यायच्या आधीच्या रविवारी नातवंडं बोटीत बसली. लाइफ जॅकेट घालून, सूनबाईंसकट. मी काठावर, माझ्या वयाला ते धक्के झेपत नाहीत. नवं कडं तेव्हा बसलं होतं. मुलाने परत आल्यावर वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: पूर्ण थ्रॉटल, ३९८०.